गव्हाशिवायचं ताट

हे पुस्तक वाचून कुणी गहू सोडू नये, ही पहिली विनंती. ज्यांना डॉक्टरांनी तपासण्या करून तो सोडायला लावला आहे त्यांच्यासाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. वजन हटत नाही, पोट डब्ब राहतं, ओळखीतल्या कुणीतरी गहू बंद केला आणि म्हणे लगेच चेहरा उजळला, एवढ्यावरून ज्यांना प्रयोग करायचा असेल त्यांनी खुशाल करावा. मात्र त्याआधी रक्त तपासून घ्यावं. सिलिअ‍ॅक आजाराची तपासणी गहू खात असतानाच करायची असते. टीटीजी-आयजीए या चाचणीत जी प्रतिपिंडं मोजतात ती गहू बंद केल्यावर हळूहळू उतरत जातात, आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढला तरी तोवर आतलं अस्तर सावरलेलं असू शकतं. मग आजार होता की नव्हता हे कळायला पुन्हा काही आठवडे रोज गहू खाऊन स्वतःला त्रास करून घ्यायची पाळी येते. आधी पथ्य आणि मग तपासणी, असा उलटा प्रवास करून आलेला रोगी डॉक्टरांना पेचात टाकतो.

ग्लुटेन म्हणजे गव्हातल्या प्रथिनांचा एक गट. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही त्यातली दोन मुख्य. जव आणि राय या धान्यांत त्याच कुळातली प्रथिनं असतात, म्हणून तीही वर्ज्य. सिलिअ‍ॅक असलेल्याच्या लहान आतड्यात ही प्रथिनं अर्धवट पचलेल्या स्थितीत भिंतीत शिरतात, आणि शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांच्यावर चालून जाता जाता आपल्याच आतड्याची नासधूस करते. अन्नरस शोषून घेणारे बोटांच्या आकाराचे सूक्ष्म उंचवटे झिजतात, सपाट होतात. खाल्लेलं अंगी लागत नाही. ही अ‍ॅलर्जी नव्हे. गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा प्रकार आहे, त्याची तपासणी वेगळी आणि धोके वेगळे. शिवाय तपासण्यांत काहीच न सापडता गव्हानं ज्यांना खरोखर त्रास होतो असेही लोक आहेत. त्यांच्यातल्या काहींना ग्लुटेन नाही, तर गव्हातली फ्रुक्टन नावाची कर्बोदकं बाधतात, आणि ती कांद्या-लसणातही असतात. अशांनी बाजारातली महागडी ग्लुटेन-फ्री बिस्किटं खाऊन वर कांद्याची भजी खाल्ली तर पोट दुखायचं थांबत नाही, आणि दोष मात्र बिस्किटांना मिळतो.

जुलाब होत नाहीत म्हणजे सिलिअ‍ॅक नाही, ही समजूत फार घात करते. वर्गात सगळ्यात पुढे उभं राहणारं, उंची न वाढणारं मूल. लोहाच्या गोळ्यांवर गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन हलत नाही अशी बाई. वारंवार तोंड येणं. तरुणपणी ठिसूळ झालेली हाडं. कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड. यांतलं एखादंच लक्षण असतं आणि वर्षानुवर्षं त्याच्यावर वेगळेच उपचार चालू राहतात. टाइप १ मधुमेह आणि थायरॉइडच्या काही विकारांशी या आजाराचं सख्य आहे. रोग्याच्या आई-वडलांत, सख्ख्या भावंडांत आणि मुलांत साधारण दहातल्या एकाला तो निघतो, तेव्हा घरात एकाचं निदान झालं की बाकीच्यांचंही रक्त तपासून घ्यावं. मूळ कल जनुकांत असतो, पण ही जनुकं असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. झाला की औषध एकच, आणि ते जन्मभराचं: ताट बदलणं.

हे एवढं साधं उत्तर सापडायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि बरा झालाच तर तो आहारानंच होईल असंही लिहिलं. पण त्यांच्या पथ्यात पातळ कापून दोन्ही बाजूंनी चांगला भाजलेला पाव चालत होता! त्यांनीच एका मुलाची हकीगत नोंदवली आहे: रोज भरपूर डच शिंपल्या खाऊन ते बाळसं धरू लागलं, हंगाम सरताच पुन्हा खंगलं, आणि पुढच्या हंगामात काही केल्या शिंपल्यांना तोंड लावेना. पथ्य म्हणजे काय हे त्या पोराला गींपेक्षा चांगलं कळलं होतं असं मला नेहमी वाटतं. पुढे १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचं पथ्य सुरू केलं. मुलं सुधारली, केळ्यांचा गवगवा झाला, आणि केळी खाताना पोटात पाव जात नव्हता ही गोष्ट बाजूला पडली. बरी झाली म्हणून जी मुलं पुन्हा पाव खाऊ लागली ती पुन्हा आजारी पडली.

गव्हावर बोट ठेवलं ते विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. हेगच्या बालरुग्णालयात १९३० च्या दशकापासूनच त्यांना पावाचा संशय होता आणि ते मुलांना गव्हाविना ठेवून पाहत होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले, आणि अशा दिवसांत सिलिअ‍ॅकची मुलं मात्र तगली. पाव परत आला तशी ती पुन्हा ढासळली, असं सांगतात. डिके यांचं मोठेपण या योगायोगात नाही, नंतरच्या चिकाटीत आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या विष्ठेतली चरबी मोजून, एकेक धान्य आहारात घालून आणि काढून, गहू आणि राय बाधतात, तांदूळ आणि मका बाधत नाहीत हे आकड्यांनी दाखवलं. १९५० च्या त्यांच्या प्रबंधावर आजचं सगळं पथ्य उभं आहे.

आता आपल्याकडे वळू. उत्तर भारतात, जिथे दोन्ही वेळा गव्हाची रोटी असते, तिथल्या पाहण्यांत शंभरामागे साधारण एकाला हा आजार आढळला आहे. दक्षिणेत तो त्याच्या कितीतरी पट कमी दिसतो. आपण मध्ये आहोत, भूगोलानं आणि ताटानंही. कोकणात भात, देशावर ज्वारी, खानदेशात ज्वारी-बाजरी आणि कळण्याची भाकरी. पोळी सणावारी किंवा पाहुणा आला तर. माझ्या आजीच्या पिढीपर्यंत बहुतेक शेतकरी घरांत हाच हिशेब होता. हरितक्रांतीनंतर गहू मुबलक झाला, रेशनवर स्वस्त मिळू लागला, शहरात पोळी ही खाऊनपिऊन सुखी असल्याची खूण ठरली आणि भाकरी मागे पडली. आज उलटी गंमत अशी की शहरातल्या दुकानात चांगली मालदांडी ज्वारी गव्हापेक्षा महाग मिळते, आणि ती घेताना लोक आपण काहीतरी पुण्य करतो आहोत अशा चेहऱ्यानं घेतात.

या इतिहासामुळे मराठी घराला एक फायदा आहे, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. निदान झालं की घरचे लोक पहिल्यांदा काय शोधतात? ग्लुटेन-फ्री पाव, ग्लुटेन-फ्री पास्ता, ग्लुटेन-फ्री आटा. म्हणजे जे गेलं त्याचाच तोतया. तांदळाचं पीठ, साबुदाणा ज्याचा करतात तसल्या कंदांचा स्टार्च आणि झँथन गम कालवून केलेला तो पाव साध्या पावाच्या कितीतरी पट महाग असतो, त्यात तंतू आणि जीवनसत्त्वं कमी असतात, आणि एवढं करून खाणाऱ्याला प्रत्येक घासाला आठवण होते की हे काही खरं नव्हे. पाव हाच ज्यांचा रोजचा घास त्या युरोप-अमेरिकेतल्या लोकांना दुसरा इलाज नव्हता. आपल्याला आहे. ज्यात गहू कधी नव्हताच अशा पदार्थांची आपल्याकडे रास पडली आहे: भाकऱ्या, आंबोळी, घावन, धिरडी, उकड, पातोळ्या, उकडीचे मोदक, अनारसे, सांडगे, पिठलं. ही तडजोड नाही, यांची चव यांचीच आहे. पुस्तकातल्या पाककृतींपैकी बहुतेक या बाजूच्या आहेत. केक आणि पाव शेवटच्या प्रकरणात आहेत, कारण मुलाचा वाढदिवस येतोच. पण सुरुवात तिथून करू नये, असं माझं ठाम मत आहे.

उपासाचं ताट तर जवळजवळ तयारच आहे. वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, यांत ग्लुटेन नाही. म्हणून काही घरांत रोग्याला बाराही महिने उपासाचं खायला घालतात, आणि ते मात्र चुकीचं आहे. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. आतडं झिजल्यामुळे आधीच लोह, कॅल्शियम, फॉलिक आम्ल, ड जीवनसत्त्व यांचा तुटवडा असलेल्या माणसाला त्यातून काय मिळणार? नाचणीत शंभर ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, बाजरीत लोह असतं, डाळी आणि कडधान्यं आहेतच. साबुदाण्याची खिचडी एकादशीलाच बरी.

भाकरीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पोळीवर हात बसलेल्या पिढीला ती जमत नाही आणि तिथंच पथ्य मोडतं. पोळीची कणीक ताणली तरी तुटत नाही ती ग्लुटेनमुळे. ज्वारीत ते नाही, तेव्हा ज्वारीचं पीठ लाटू गेलं की कडा फाटणारच. त्याला धरून ठेवणारं दुसरं काहीतरी लागतं, आणि ते काम पिठातला स्टार्च करतो: कढत पाण्यानं तो फुलून चिकट होतो. म्हणून पाणी उकळतं हवं, पीठ एका वेळी एकाच भाकरीचं मळावं, आणि परातीत तळहाताच्या टाचेनं ते लोण्यासारखं मऊ होईपर्यंत रगडावं. थापताना भाकरी आपोआप गोल फिरायला लागली की मळणं पुरेसं झालं असं समजायचं. तव्यावर टाकल्याबरोबर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की चिरा पडतात. पीठ आठवड्यापेक्षा जुनं नको. जुन्या पिठाची विरी जाते, आणि मग कितीही रगडा, भाकरी हातातच तुटते. नवशिक्यानं सरळ पिठाची उकड काढावी आणि प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटावी. जुन्या बायका नाकं मुरडतील, मुरडू द्या.

ग्लुटेन डोळ्यांनी पाहायचं असेल तर कुरडयांच्या दिवसांत पाहावं. गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून त्यातला पांढरा चीक पिळून काढतात. हातात उरतो तो चोथा. कोंडा आणि त्याच्यात गुंतलेला चिवट, रबरासारखा गोळा. ते रबर म्हणजेच ग्लुटेन. बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या प्राध्यापकानं कणीक पाण्यात धुऊन असाच गोळा वेगळा केला आणि अठराव्या शतकात त्यावर निबंध वाचला. चीक स्टार्चचा, तेव्हा कुरडई चालायला हवी, असं एका हुशार वाचकानं मला विचारलं होतं. चालत नाही. हातानं पिळलेल्या चिकात ग्लुटेनचे अंश राहतातच, आणि या आजारात अंशांचाच प्रश्न असतो.

किती अंश? मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण ३ ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा साठावा भाग, काही महिने पोटात गेला तर आतड्याला इजा होते असं रोग्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं आहे. रोज १० मिलिग्रॅमच्या आत बहुतेकांना धोका दिसत नाही. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं आणि आंतरराष्ट्रीय कोडेक्सनं ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे ती या हिशेबातूनच. पोळीचा साठावा भाग म्हणजे पोळपाटावर उरलेली पिठी. पंगतीत कुणी गुपचूप पोळी खात नाही. माणसं बिघडतात ती पिठीनं.

आणि पिठीचं उगमस्थान आहे गिरणी. गावातल्या गिरणीत दगडांच्या फटीत, नळकांड्यात, खाली बांधलेल्या कापडात आधीच्याचं पीठ राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. हे बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. उपासाचं दळण असलं की त्या बजावतात, “दादा, राजगिऱ्यावर टाका हं, गव्हावर नको.” ज्वारी बाजरीवर चालेल का, तांदूळ कशावर टाकायचे, याचे ठरलेले संकेत आहेत. तेव्हा गिरणीवाल्याला हा विषय परका नाही. फक्त त्याला वाटतं की हा सोवळ्याओवळ्याचा मामला आहे, मूठभर पिठानं काय होतंय. मी ज्या गिरणीत जाते तिथल्या मालकांना मी भाचीच्या रिपोर्टचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “ताई, मग माझ्याकडे दळूच नका. हवेतच गहू आहे.” त्यांच्या भुवया पांढऱ्या होत्या. इतका प्रामाणिक सल्ला मला कुठल्या माहितीपत्रकात वाचायला मिळाला नाही. परवडत असेल तर घरघंटी घ्यावी, नवी घ्यावी, आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधीही टाकू नये. परवडत नसेल तर गिरणीच्या सुट्टीनंतर, दगडांना टाकी लावून सगळं झाडल्यावर, पहिलं दळण आपलं घ्यावं, आणि त्यातलं सुरुवातीचं किलोभर गाईला घालावं. हा दुय्यम उपाय आहे, हे समजून. धान्य मात्र अख्खंच आणावं आणि ताटात पसरून निवडावं. ज्वारीत मिसळलेला गव्हाचा दाणा डोळ्याला चटकन दिसतो, ज्वारीच्या पिठात मिसळलेलं गव्हाचं पीठ देवालाही दिसत नाही.

हिंगाची गोष्ट याहून अनपेक्षित. अफगाणिस्तान-इराणकडून येतो तो हिंगाचा चीक इतका उग्र की तसाच फोडणीत घालवत नाही. तो डिंक आणि पीठ यांत बांधतात, आणि ते पीठ बहुधा मैदा असतं. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं. आपल्याकडे वरण, आमटी, पिठलं, मठ्ठा, पापड, लोणचं, सगळ्यांत हिंग. चिमूटभर म्हणजे पाव ग्रॅम धरा, त्यात निम्मा मैदा धरा. दहा-बारा मिलिग्रॅम ग्लुटेन पातेल्यात गेलं. चार माणसांत वाटलं तर एकाच्या वाट्याला तीन. एका वेळेला काहीच नाही. पण दोन्ही वेळच्या आमट्या, भाजी, ताक, पापड असं जोडत गेलं की रोजची १० ची मर्यादा हां हां म्हणता गाठली जाते, आणि वरणभातावर राहणाऱ्या मुलाचे टीटीजीचे आकडे उतरत का नाहीत हे कुणाला उमगत नाही. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो लेबल वाचून घ्यावा. नाहीतर हिंग सोडावा. गोडा मसाला घरी करावा.

घरोघरच्या डब्यांत असे आणखी चोर आहेत. मेतकुटात बऱ्याच घरी मूठभर गहू भाजून घालतात. सातूच्या पिठात असतोच. थालीपिठाच्या भाजणीत असतो, चकलीच्या भाजणीत सहसा नसतो, पण विकतच्या चकलीचा भरवसा नाही. माल्ट म्हणजे मोडवलेला जव, तेव्हा दुधात घालायच्या पावडरी बाद. चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉसही बहुधा गव्हाचा. ओट्सचा घोळ वेगळा आहे: शुद्ध ओट्स बहुतेक रोग्यांना चालतात, पण बाजारातल्या साध्या ओट्समध्ये गहू-जव मिसळलेले असण्याची शक्यता मोठी, म्हणून निदानानंतर पहिले काही महिने तरी त्यांच्या नादी लागू नये. आणि खपली. खपली गहू ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून किंवा ‘सिलिअ‍ॅकलाही चालतो’ म्हणून विकणारे लोक सध्या प्रदर्शनांतून भेटतात. खपली चवीला उत्तम आहे, तिची खीर मला स्वतःला फार आवडते, पण ती गहूच आहे आणि तिच्यात ग्लुटेन आहे. जुना, देशी, सेंद्रिय, हातसडीचा, कुठल्याही विशेषणानं गव्हातलं ग्लुटेन जात नाही.

घरात काय करावं, यावर मतं दोन. वेगळा पोळपाट, वेगळा तवा, वेगळी परात, लाकडी कालथे वेगळे, वरच्या फळीवर ग्लुटेन-फ्री आणि खाली बाकीचं, असं पुस्तकी उत्तर आहे, आणि मोठ्या स्वयंपाकघरात ते निभतं. पण एकच ओटा असलेल्या दोन खोल्यांत सकाळी सातला कणीक भिजवली जात असताना निभत नाही. तिथे मी म्हणेन की कोरडं गव्हाचं पीठ घराबाहेर काढा आणि ज्यांना पोळी हवी त्यांच्यासाठी पोळी-भाजी केंद्रातून तयार पोळ्या आणा. तयार पोळीची पिठी उडत नाही. ताट वेगळं धुतलं की झालं. यात घरातल्या बाईचे कष्टही वाचतात, जे दोन स्वयंपाकांच्या आदर्श पद्धतीत कुणी मोजत नाही. रोगी नवरा किंवा मुलगा, पथ्य बायकोनं किंवा आईनं सांभाळायचं, हे आपल्याकडे गृहीतच आहे. मोठ्या माणसानं स्वतःची भाकरी स्वतः थापायला शिकावं, म्हणून त्या प्रकरणातली चित्रं मुद्दाम पुरुषाच्या हातांची काढून घेतली आहेत.

गरिबाच्या घरी प्रश्न वेगळाच. अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी ५ किलो धान्य मिळतं, त्यातला गव्हाचा वाटा या रोग्याच्या कामाचा नाही, आणि बदली ज्वारी खुल्या बाजारातून घ्यायची तर ती महाग. इटलीत सिलिअ‍ॅकच्या रोग्याला सरकार पथ्याच्या अन्नासाठी दरमहा ठरावीक मदत देतं. आपल्याकडे निदान गव्हाऐवजी भरडधान्य मागायची मुभा डॉक्टरांच्या दाखल्यावर मिळायला हरकत नसावी. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष आपणच पुढाकार घेऊन साजरं केलं, त्याला धरूनच होईल ते.

आणि मग आग्रह. मराठी घरात नको म्हणणं म्हणजे भूक नाही असं नसतं, मान ठेवला नाही असं असतं. “एवढीशी खाल्ल्यानं काही होत नाही गं,” हे वाक्य ज्या प्रेमानं म्हटलं जातं त्याला उत्तर देणं अवघड आहे. आजार दिसत नाही, एका पुरणपोळीनं कुणी जागच्या जागी कोसळत नाही, कित्येकांना तर त्या दिवशी काही जाणवतही नाही. म्हणून ‘डॉक्टरांनी मना केलंय’ यापेक्षा ‘मला गहू बाधतो’ हे बोलावं, असा माझा अनुभव. बाधणं आपल्याकडे लगेच समजतं. सगळ्यात कठीण प्रसंग सत्यनारायणाचा. प्रसाद नाकारायचा नसतो, आणि प्रसाद रव्याचा. पण पूजा सांगणाऱ्या गुरुजींना विचारा: कथेतच गव्हाच्या पिठाच्या अभावी तांदळाचं पीठ चालेल अशी सोय सांगितलेली आहे. भाचीच्या वास्तुशांतीला आम्ही सव्वाच्या मापानं तांदळाच्या रव्याचा शिरा केला. केळं घालून तो इतका मऊ झाला की पाहुण्यांपैकी कुणी विचारलंही नाही.

वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पेच जास्त घट्ट आहे. मिस्साविधीतली भाकर गव्हाचीच असली पाहिजे, ग्लुटेन पूर्ण काढलेली चालणार नाही, हे व्हॅटिकननं २००३ मध्ये आणि पुन्हा २०१७ च्या पत्रकात स्पष्ट केलं आहे. मात्र अत्यल्प ग्लुटेनच्या भाकरीला परवानगी आहे, आणि ज्याला तीही सोसत नाही त्यानं केवळ द्राक्षरसाच्या रूपात प्रसाद घेतला तरी तो पूर्ण मानतात. त्यासाठी प्याला वेगळा हवा, कारण एरवी त्यात भाकरीचा तुकडा टाकलेला असतो. फादरना आधी भेटून सांगितलं की व्यवस्था होते.

प्रवासाचं प्रकरण लहान आहे, कारण तिथे सांगण्यासारखं थोडंच. केळी, उकडलेल्या शेंगा, चिक्की, उकडलेली अंडी, घरून नेलेली दशमी म्हणजे ज्वारीची दुधातली. एसटी स्टँडावरचे पोहे चालतील, पण हिंग आणि शेव विचारून. वडापावातला नुसता वडा चालेल असं पुष्कळांना वाटतं. कढईत आधी समोसे तळले असतील तर तोही नाही. पाकिटबंद वस्तूंचं आता जरा सोपं झालं आहे. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार ग्लुटेन असलेलं धान्य घटकांत असेल तर ते वेगळं सांगावं लागतं, तेव्हा चष्मा बरोबर ठेवावा. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना पाकिटांचा त्रास कमी आणि भारतातून आलेल्या मसाल्या-पापडांचा जास्त, म्हणून घरगुती मसाल्यांचं प्रकरण त्यांना जास्त उपयोगी पडेल.

पुस्तकाची मांडणी धान्यवार आहे: ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मग डाळी, मग उपासाची धान्यं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला ते धान्य कसं निवडायचं, धुवायचं की नाही, पीठ किती दिवस टिकतं, एवढं दिलं आहे. मुलांच्या डब्याचे पदार्थ वेगळे न काढता त्या त्या धान्यात खूण करून दाखवले आहेत, कारण मुलाचा डबा घरच्यांच्या ताटापेक्षा वेगळा असू नये. मापं वाटीची आहेत. पाणी मात्र भाकरीच्या प्रकरणात कुठेही मोजून दिलेलं नाही. ज्वारी मालदांडी की हायब्रीड, पीठ आजचं की चार दिवसांपूर्वीचं, यावर ते ठरतं, आणि हाताला ते दोन-चार भाकऱ्या बिघडल्यावर कळतं.